मेजाभोवती आमची खुर्ची कोठे आहे?

दरवर्षी मे महिना सरू लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांतून एक वाक्य न चुकता छापून येते: पावसाळ्याला तोंड देण्यास यंत्रणा सज्ज आहे. त्या वाक्यामागोमाग उपसलेल्या गाळाचे आकडे येतात, पंपांची संख्या येते, साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी येते. हे सारे खोटे असते असे आमचे म्हणणे नाही. पाण्यात उतरणारा अग्निशमन दलाचा जवान, भर पावसात मॅनहोलपाशी उभा राहणारा सफाई कामगार, १९१६ या क्रमांकावर लोकांच्या हाका ऐकणारा कर्मचारी यांच्या कष्टांची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. त्यांतील कितीतरी आमच्याच घरचे आहेत. आमचा प्रश्न निराळा आहे. ही सज्जता ज्या मेजाभोवती बसून ठरली, त्या मेजाभोवती कोण कोण बसले होते? वाकोला नाल्याच्या काठी जिचा संसार आहे अशी एक तरी बाई तेथे होती काय? गोळीबार वस्तीतील एक तरी तरुण होता काय? कलिन्याच्या एखाद्या विहाराचा एक तरी कार्यकर्ता होता काय? नसेल, तर ही सज्जता कोणाची आणि कोणासाठी, हे विचारण्याचा आम्हांस अधिकार आहे. तो आम्ही बजावणार आहोत.

सांताक्रूझच्या माणसाने हा प्रश्न विचारावा यास विशेष कारण आहे. २६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पडलेला पाऊस होता सुमारे ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या या दोन वेधशाळा. जेथे मंत्रालय आहे, महापालिकेचे मुख्यालय आहे, जेथे मोठमोठे निर्णय होतात, तेथे छत्री उघडून घरी जावे इतकाच पाऊस होता. आणि जेथे निर्णयांची फळे भोगणारी माणसे राहतात तेथे आकाश फाटले होते. मुंबईत ४०० हून अधिक माणसे मेली. कोणी मोटारीत गुदमरून मेले, कोणी विजेच्या धक्क्याने, कोणी दरडीखाली. साकीनाक्याला डोंगर उतरला आणि झोपड्यांसकट माणसे गाडली गेली. कुलाब्याच्या खिडकीतून सांताक्रूझ दिसत नाही, हा धडा त्या दिवसाने रक्ताच्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.

या संहारास 'नैसर्गिक आपत्ती' म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ही रीत मान्य नाही. पाऊस नैसर्गिक खरा. परंतु पावसाचे पाणी कोणाच्या उंबऱ्यावर चढावे हे निसर्गाने ठरविलेले नाही. मुंबईची बहुतेक पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यापुरती बांधलेली होती, आणि तीही समुद्राला ओहोटी असेल तेव्हाच. ही क्षमता दुप्पट करावी असे सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ सालीच तयार झाला होता. बारा वर्षे तो कागदावर राहिला. सुमारे १८ किलोमीटर लांबीची मिठी नदी विहार-पवईच्या पाण्यावर निघून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्यावरून विमानतळाची धावपट्टी गेली. विमानतळाभोवती तिला वळणे घ्यावी लागली. मुखाजवळची पाणथळ जमीन भरून तीवर वांद्रे-कुर्ला संकुलाचे मनोरे उभे राहिले. हे सर्व अधिकृत शिक्क्यानिशी झाले. आणि पूर ओसरल्यावर दोष कोणाच्या माथी आला? नाल्याकाठच्या झोपडीवाल्याच्या, त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीच्या!

ही कथा आमच्या वाचकांस नवी वाटण्याचे कारण नाही. गावात आमची वस्ती गावकुसाबाहेर होती. ती जागा आम्ही निवडली नव्हती. पोटासाठी मुंबईस आलो तेव्हा गावकूस मागे राहिले असे आम्हांस वाटले. परंतु शहराचेही एक गावकूस असते. ते दगडामातीचे नसते, ते उताराचे असते. ज्याच्यापाशी पैसा त्याला उंचवटा. ज्याच्यापाशी केवळ श्रम त्याला नाल्याचा काठ. पाणी जात विचारत नाही, हे खरे. पण पाणी सखल जागा शोधते, आणि सखल जागी कोणी राहावे हे जातीने आणि गरिबीने आधीच ठरवून ठेवलेले असते.

मग उपाय काय? गटारे रुंद करा, नदी मोकळी करा, पक्की घरे द्या, या मागण्या आहेतच आणि त्या सोडावयाच्या नाहीत. परंतु त्या पुऱ्या होण्यास वर्षे लागतील, आणि पाऊस येत्या जूनमध्ये येणार आहे. या दोहोंमधील काळात माणसे जगली पाहिजेत. त्यासाठी आज आम्ही एका अगदी साध्या साधनाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सरकारी भाषेत त्यास 'टेबलटॉप एक्सरसाइज' म्हणतात. आपण तिला बैठी तालीम म्हणू.

नाटकमंडळी रंगीत तालमीपूर्वी गोलाकार बसून संहिता वाचतात, कोणी कोठून प्रवेश करावयाचा ते ठरवितात. बैठी तालीम ही त्याच जातीची गोष्ट आहे. एक मेज असावे, त्यावर वस्तीचा मोठा नकाशा असावा, भोवती पंधरा-वीस माणसे असावीत. वस्तीच्या बाजूने महिला मंडळ, विहार समिती, जयंती मंडळातील तरुण, रिक्षाचालक, शाळेतील शिक्षिका, आशा सेविका. यंत्रणेच्या बाजूने विभाग कार्यालयाचा अधिकारी, पोलीस ठाण्याचा अंमलदार, अग्निशमन दलाचा जवान, रुग्णालयाचा डॉक्टर, वीज कंपनीचा माणूस. एक सूत्रधार प्रसंग वाचतो आणि घड्याळ पुढे सरकवतो. प्रत्येकाने एवढेच सांगावयाचे की या क्षणी मी काय करतो, कोणास कळवितो, आणि माझ्या हाती काय आहे. कोणीही धावत नाही, दोर टाकत नाही, होडी लोटत नाही. केवळ बोलणे. एकोणिसाव्या शतकात प्रशियाचे सेनाधिकारी नकाशावर लुटुपुटूची लढाई लढून खऱ्या लढाईस तयार होत, त्याच कल्पनेचे हे नागरी रूप आहे. खर्च चहाचा आणि नकाशाच्या कागदाचा.

ही तालीम वाकोल्याच्या एखाद्या विहारात चालली आहे असे समजा. सूत्रधार वाचतो: दुपारचे दोन वाजले आहेत, भरती चढते आहे, नाल्याचे पाणी पुलाच्या तुळईला लागले आहे. हे प्रथम कोणी पाहिले? पाहणाऱ्याने कोणास सांगितले? एक तरुण उत्साहाने म्हणतो, 'व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.' सूत्रधार उत्तरतो, 'वीज गेली आहे, मोबाईलचे मनोरे बंद पडले आहेत.' खोलीत शांतता पसरते. आम्ही म्हणतो, ही शांतताच तालमीची पहिली कमाई आहे. तीच शांतता जुलैच्या खऱ्या दुपारी पसरली असती तर तिची किंमत माणसाच्या जिवाने चुकवावी लागली असती. मग कोणी सुचवितो की विहाराची घंटा वाजवावी. किती ठोके म्हणजे 'सावध', किती ठोके म्हणजे 'निघा'? तेही तेथेच ठरते.

घड्याळ पुढे सरकते. तिसऱ्या गल्लीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. त्यांना कोण उचलणार, कशावर उचलणार? एका घरी नववा महिना लागलेली सून आहे, व्ही. एन. देसाई रुग्णालयाकडे जाणारा नेहमीचा रस्ता पाण्याखाली आहे, दुसरा कोणता? मुले शाळेतून सुटली आहेत आणि काहींची शाळा रेल्वेच्या पलीकडे आहे. मिलन सबवे भरला तर त्यांनी तेथेच थांबावे की पुलावरून फिरून यावे, हे त्यांना कोणी आणि केव्हा सांगितले आहे? आसरा म्हणून नेमलेल्या शाळेची किल्ली कोणापाशी आहे? मुख्याध्यापकांपाशी. मुख्याध्यापक कोठे राहतात? विरारला. विरारची गाडी बंद आहे. अधिकारी आपल्या वहीत टिपून घेतो: दुसरी किल्ली. एवढ्याशा टिपणासाठी ही बैठक भरवावी काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, होय! आपत्तीत माणसे मोठ्या चुकांनी मरतात तशीच एका किल्लीच्या अभावीही मरतात.

आणि मग कोपऱ्यात बसलेली एक मावशी विचारते, 'तीनशे बायकापोरं त्या शाळेत रात्रभर ठेवणार, तर संडास किती आहेत?' हा प्रश्न कोणत्याही सरकारी आराखड्यातील पुरुषाला प्रथम सुचत नाही. जी बाई रोज सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभी राहते तिलाच तो सुचतो. कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाची सासू ऐकू न येणारी आहे, कोण एकटी राहते, याची नोंदवही त्या मावशीच्या डोक्यात असते. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो की, या मेजाभोवती निम्म्या स्त्रिया नसतील तर ती तालीम मुळीच भरवू नये. धम्माने स्त्रियांना संघाचे द्वार उघडले, बाबासाहेबांनी त्यांना परिषदांच्या व्यासपीठावर आणले. आणि आम्ही मात्र त्यांना सभेच्या वेळी चहाच्या कामाला लावावे, हे लाजिरवाणे आहे.

सूत्रधाराच्या हातात आणखी एक चिठ्ठी असते: 'धरण फुटले अशी बातमी पसरली आहे.' ही चिठ्ठी काल्पनिक वाटणाऱ्यांनी जुहूचे नेहरूनगर आठवावे. २००५ च्या त्याच प्रलयानंतर दोन दिवसांनी, पाणी ओसरत असताना, लाट येते आहे, धरण फुटले आहे अशा आवया उठल्या. अंधारात, अरुंद गल्ल्यांतून माणसे धावली, आणि चेंगराचेंगरीत डझनाहून अधिक जीव गेले. त्यांना पाण्याने मारले नाही, खोट्या बातमीने मारले. खरी बातमी सांगणारा ओळखीचा, विश्वासाचा आवाज त्या गल्लीत नव्हता. तो आवाज कोणाचा असावा हे आधी ठरलेले असते, तर? आज तर खोटी बातमी हातोहाती फिरणाऱ्या यंत्रातून क्षणात हजार घरी पोहोचते. म्हणून प्रत्येक गल्लीने आपला एक विश्वासाचा आवाज आणि त्या आवाजास विभाग कार्यालयातून खरी माहिती देणारा एक माणूस, हे दोन्ही आधी नेमले पाहिजेत.

परंतु तालीम भरली म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांस आम्ही एक इशारा देऊ इच्छितो. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात २००४ च्या जुलै महिन्यात बॅटन रूज येथे शेकडो अधिकारी जमले आणि त्यांनी 'हरिकेन पॅम' नावाच्या काल्पनिक वादळाची कित्येक दिवस तालीम केली. वादळ न्यू ऑर्लिन्स शहरावर आदळते, शहर पाण्याखाली जाते, असा तो प्रसंग होता. तेरा महिन्यांनी, २९ ऑगस्ट २००५ रोजी, म्हणजे आमच्या प्रलयानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, खरे कॅटरिना वादळ आले आणि तालमीतील चित्र बव्हंशी खरे ठरले. हजाराहून अधिक माणसे मेली. त्या शहरात मोटार नसलेली सुमारे लाखभर माणसे होती. शहर सोडा असा हुकूम निघाला तेव्हा ती कशी बाहेर पडणार, या प्रश्नाची पुरती सोय झालेली नव्हती. त्या मागे राहिलेल्यांत गरीब कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. विद्या होती, पैसा होता, तालीमही झाली होती. मग उणे काय होते? ज्याच्यापाशी मोटार नाही तो माणूस त्या मेजाभोवती बरोबरीने बसलेला नव्हता. अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी केलेली तालीम ही अधिकाऱ्यांनाच वाचवते.

याच्या उलट दाखला आपल्याच देशात आहे. १९९९ च्या ऑक्टोबरमधील महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर त्या गरीब राज्याने किनाऱ्यावर आसरे बांधले, गावोगाव समित्या व स्वयंसेवक तयार केले, त्यांच्याकडून वारंवार तालमी करून घेतल्या. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी नेण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. वादळाचा जोर कमी नव्हता. माणसांची तयारी अधिक होती. दैव बदलले नव्हते, व्यवस्था बदलली होती. ज्यांनी दैवाचा जोडा पायातून काढून टाकला आहे अशा आमच्या नवदीक्षित कुटुंबांना यापेक्षा उत्तम पाठ कोणता?

आता कोणी म्हणेल की मेजाभोवती खुर्ची मागणे ही विनंती आहे, हक्क नव्हे. हे चूक आहे. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा उघडून पाहावा. कलम ३० अन्वये स्थानिक संस्था व स्वयंसेवी संघटना यांच्या साहाय्याने लोकांना आपत्तीविषयी शिक्षण देणे हे जिल्हा प्राधिकरणाचे काम आहे. कलम ४१ अन्वये आपले अधिकारी व कर्मचारी या कामात प्रशिक्षित असतील हे पाहण्याची जबाबदारी महापालिकेसारख्या स्थानिक प्राधिकरणावर आहे. आणि कलम ६१ तर प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लावावे असे आहे: नुकसानभरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम कायदा करणाऱ्यांस उगीच सुचलेले नाही. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीच्या छावण्यांतही दलितांना वेगळे ठेवले गेले, मदत उशिरा वा अपुरी मिळाली, अशा नोंदी मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांनी केल्या आहेत. समुद्राने सर्वांना सारखे बुडविले. वर काढताना मात्र माणसांनी जात पाहिली. २०२५ सालच्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. म्हणजे नवे मेज मांडले जात आहे. मेज मांडून झाल्यावर, पाने वाढून झाल्यावर दारात उभे राहून मागण्यात काही अर्थ नाही. आत्ताच खुर्ची ओढून बसले पाहिजे.

हक्कांविषयी बोलतो आहोत तर एका पत्र्याच्या पेटीविषयीही बोलू. आमच्या प्रत्येक घरात ती असते. तिच्यात आजोबांच्या शाळेचा दाखला असतो, गावच्या नोंदीचा उतारा असतो, जातीचा दाखला असतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, हे कचेरीच्या खेपा घातलेल्या प्रत्येक बापाला ठाऊक आहे. बौद्धांच्या सवलतींसाठी १९९० सालापर्यंत झगडावे लागले, तेव्हा कोठे संसदेने कायदा दुरुस्त केला. तो झगडा जिंकून मिळविलेला हक्क एका कागदावर उभा आहे, आणि तो कागद नाल्यापासून चार हातांवर, जमिनीला टेकलेल्या पेटीत आहे! पूर आला की भांडीकुंडी पुन्हा घेता येतील. ऐंशी वर्षांपूर्वीचा दाखला पुन्हा कोठून आणाल? नातीची शिष्यवृत्ती, नातवाचा प्रवेश त्या एका लगद्यात विरून जाईल. म्हणून तालमीच्या यादीत हाही प्रश्न असलाच पाहिजे: कागदांच्या प्रती काढल्या काय, त्या डिजीलॉकरमध्ये व गावच्या नातलगांपाशी ठेवल्या काय, पेटी भिंतीवर उंच चढविली काय, मेणकापडात बांधली काय? तद्वतच पंचनाम्याच्या वेळी वस्तीची यादी कोण देणार, भाडेकरूंची नावे गळू नयेत म्हणून ती आधीच कोण लिहून ठेवणार, हेही त्याच बैठकीत ठरावे.

येथवर आम्ही सरकारास बोल लावला. आता थोडे स्वतःकडे पाहू. १४ एप्रिलची मिरवणूक आम्ही काय शिस्तीने काढतो! कोणता रथ कोठून निघेल, पाण्याचे पिंप कोठे असेल, हरवलेले मूल कोठे आणावयाचे, हे सर्व महिनाभर आधी ठरते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात आणि स्वयंसेवक ती गर्दी सांभाळून दाखवितात. म्हणजे नकाशा वाचण्याची, माणसे नेमण्याची, वेळ पाळण्याची विद्या आम्हांस अवगत आहे. मग ती विद्या जून महिना लागताच कोठे जाते? ध्वनिक्षेपकाच्या भिंतीवर हजारोंनी खर्च करणारे मंडळ पन्नास रुपयांच्या शिट्ट्या आणि एक दोरखंड घेत नाही, हे कटू आहे पण खरे आहे. आणि आमचे काही पुढारी! पूर ओसरल्यावर ब्लँकेटे घेऊन, छायाचित्रकारासह, हे हजर. ब्लँकेट वाटणाऱ्याला टाळ्या मिळतात. ब्लँकेटची वेळ येऊ न देणाऱ्याला कोणी ओळखतही नाही. समाजाने टाळ्यांची दिशा बदलली पाहिजे.

दुसरी एक गोड गुंगी आहे. प्रत्येक प्रलयानंतर 'मुंबईचे स्पिरिट' म्हणून आमच्या सोशिकपणाची वाहवा होते. वस्तीतील पोरांनी अडकलेल्यांना बाहेर काढले, बायकांनी अनोळखी माणसांना चहा-भाकर दिली, हे खरेच झाले आणि ते अभिमानास्पदच आहे. पण ज्याला रोज सोसावे लागते त्याच्या सोशिकपणाची स्तुती करणे ही त्याचे सोसणे चालू ठेवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. आमच्या पूर्वजांच्याही सोशिकपणाची अशीच स्तुती होत असे. आम्हांस स्तुती नको. आम्हांस दुसरी किल्ली पाहिजे.

काहीजण विचारतील, या मेजाभोवती चर्चचे लोक, मशिदीचे लोक, गावठाणातील जुने रहिवासी, इमारतीतील सोसायटीवाले, या सर्वांबरोबर आम्ही का बसावे? ज्यांनी कधी आम्हांस विचारले नाही त्यांना आम्ही का विचारावे? आमचे उत्तर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आधीच देऊन ठेवले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. तरुण सिद्धार्थाने भर संघात उभे राहून त्यास विरोध केला. आपले दोन व त्यांचे दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी बसून तंटा मिटवावा, अशी त्याने सूचना केली. पाण्याचा प्रश्न शस्त्राने सुटत नाही, आकांडतांडवानेही सुटत नाही. तो दोन्ही काठांची माणसे एका जागी बसल्याने सुटतो. वाकोला नाल्यालाही दोन काठ आहेत. एका काठावरचा कचरा दुसऱ्या काठावरच्या घरात पाणी आणतो. इमारतीचा जिना आणि गच्ची ही झोपडीचा आसरा होऊ शकते, आणि झोपडीतील पोहणारा तरुण हा इमारतीच्या तळमजल्यावरील म्हातारीचा तारणहार होऊ शकतो. पाण्याची चढती रेघ कोणाचाही धर्म विचारत नाही. मग आम्ही बसतानाच का विचारावा? मात्र बसावयाचे ते बरोबरीने. भिंतीशी उभे राहण्यासाठी आम्ही येणार नाही.

आणि बाबासाहेबांनी हे केवळ ग्रंथात लिहिले असे नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ च्या दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडविला. तो प्रश्न त्यांच्या खात्याकडे आला. त्यांनी ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या प्रतिनिधींची परिषद भरविली. जेथे पाणी पडते तो प्रांत आणि जेथे ते बुडविते तो प्रांत, दोघांना त्यांनी एका मेजाशी आणले. त्याच वाटेने पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ जन्मास आले. ज्यांचा उद्धारक पुराच्या प्रश्नावर प्रांतांना एकत्र बसवू शकला, त्यांना आपल्या वॉर्डातील दहा माणसे एकत्र बसविता येऊ नयेत काय?

'हे सरकारचे काम आहे, आमचे नव्हे,' असे म्हणून अंग काढून घेणाऱ्यांस एकच सांगतो. सरकारचे काम सरकारकडून करवून घेणे हेच आपले काम आहे. बैठी तालीम हे त्याचे उत्तम साधन आहे. कारण मेजाभोवती अधिकाऱ्याने स्वतःच्या तोंडाने 'हा पंप माझा' असे सांगितले, ते पन्नास जणांनी ऐकले, वहीत लिहिले गेले, खाली तारीख पडली, की मग त्याला विसरता येत नाही. ज्या तालमीनंतर उणिवांची यादी, जबाबदार माणसाचे नाव आणि मुदत लिहिली जात नाही, ती तालीम नव्हे, चहापान होय.

म्हणून आमची मागणी आणि आमचे आवाहन अगदी नेमके आहे. सांताक्रूझ पूर्वेतील एच-पूर्व विभाग कार्यालयाने प्रत्येक पाणथळ वस्तीसाठी पावसाळ्यापूर्वी एक बैठी तालीम भरवावी. ती कचेरीत नव्हे, वस्तीत भरवावी. तिची भाषा वस्तीची असावी. आणि तिच्या निष्पत्तीचा कागद विहाराच्या, मशिदीच्या, चर्चच्या, सोसायटीच्या फलकावर लागावा. विभाग कार्यालय न आले तर आम्ही थांबू नये. भीमजयंती आणि बुद्ध पौर्णिमा यांच्या दरम्यानचा एक रविवार प्रत्येक विहार समितीने यासाठी राखून ठेवावा. अधिकाऱ्यांना लेखी निमंत्रण द्यावे, पोच घ्यावी, आणि त्यांच्या नावाच्या खुर्च्या मांडून तालीम सुरू करावी. रिकामी राहिलेली खुर्चीही पुष्कळ काही सांगून जाते. पाऊस सरल्यावर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, तीच माणसे पुन्हा बसावीत आणि काय साधले, काय चुकले ते निर्भयपणे मांडावे.

भगवंतांनी वर्षावासाचा नियम घातला तो आकाशाकडे हात जोडून नव्हे. पावसाळ्यात फिरल्याने पिके तुडविली जातात, लहान जीव मरतात, हे लोकांनी त्यांच्या कानी घातले. त्यांनी ऐकले, विचार केला, आणि भिक्खूंनी ते तीन महिने एका जागी राहावे असे ठरवून टाकले. लोकांचे ऐकणे, कारण शोधणे, आणि वेळ येण्यापूर्वी नियम करणे: अडीच हजार वर्षांपूर्वीची ही रीत आजही तितकीच उपयोगी आहे. येत्या रविवारी आपल्या विहारातील सतरंजीवर वस्तीचा नकाशा पसरा. पहिला प्रश्न मावशीला विचारू द्या.